बीडाचे पाईप बदलायचेत, पण पैसे कुणी भरायचे?

पत्र: आमची इमारत पुण्यात कोथरूडला, 1994 ची. खाली चार दुकानं, वर चार मजल्यांवर सोळा फ्लॅट. सहकारी सोसायटी नाही, अपार्टमेंट म्हणून नोंदणी आहे. चारही डक्टमधले (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागांमधले) बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे पाईप गंजलेत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये बाथरूमच्या छताचं प्लॅस्टर पडलं. वरचे म्हणतात, आमच्याकडचं नाही, कॉमन पाईपचं आहे. त्यातच महापालिकेची नोटीस आली, पावसाळी गटारात साबणाचं पाणी येतंय म्हणून. प्लंबरने 'सर्व पाईप बदलणे, एकरकमी 6,00,000 रुपये' असं एका ओळीचं कोटेशन दिलंय. दुकानदार म्हणतात, आमचा डक्टशी संबंध नाही. वन बीएचकेवाल्यांना समान वर्गणी नको. चौथ्या मजल्यावरच्या एका सभासदाने नुकतंच बाथरूम नवं केलंय, ते डक्टच्या बाजूने काही फोडू देत नाहीत. मी खजिनदार आहे. कुठून सुरुवात करू? — एक वाचक

उत्तर: नमस्कार. सुरुवात नोटिशीपासून करा, कारण तुमच्या यादीत तारीख लागलेली तेवढी एकच गोष्ट आहे. बाकीचं भांडण महिनाभर थांबू शकतं.

पावसाळी गटारात साबणाचं पाणी याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचं किंवा भांडी घासायच्या सिंकचं पाणी गच्चीवरून येणाऱ्या पावसाच्या पाईपात सोडलेलं असतं. तो पाईप बाल्कनीच्या कोपऱ्यातूनच जातो, भोक पाडायला दहा मिनिटं लागतात, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पण पावसाचं पाणी आणि सांडपाणी वेगळं ठेवायचं हा पक्का नियम आहे. पावसाचा पाईप रस्त्याकडेच्या उघड्या किंवा बंद गटारात जातो आणि ते गटार थेट नाल्याला. तुमच्याकडे मिळकतकराच्या सवलतीसाठी रेनवॉटर हार्वेस्टिंग केलं असेल, तर आणखी वाईट: मग मशीनचं पाणी शोषखड्ड्यातून तुमच्याच बोअरला मिळतंय.

एका सुट्टीच्या सकाळी प्रत्येक ड्राय बाल्कनीत बादलीभर रंगीत पाणी ओता आणि खाली एक माणूस पावसाच्या पाईपाच्या तोंडाशी उभा करा. तासाभरात फ्लॅटनिहाय यादी हातात येते. मग नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या: पाहणी केली, इतक्या फ्लॅटचं सांडपाणी पावसाच्या पाईपात आहे, स्वतंत्र पाईप टाकून अमुक तारखेपर्यंत वेगळं करतो, त्यानंतर पाहणी व्हावी. सोबत फोटो जोडा, आणि क्षेत्रीय कार्यालयात प्रत देऊन पोच घ्या. मुदत वाढवून हवी असेल तर ती याच पत्रात मागा, मुदत उलटल्यावर नको.

काम स्वतः साधं आहे. ड्राय बाल्कन्यांच्या रांगेला 75 मिमीचा वेगळा उभा पाईप टाकायचा. प्रत्येक मजल्यावर 50 मिमी पाण्याचं सील (वास अडवणारं साठलेलं पाणी) असलेला ट्रॅप बसवायचा, नाहीतर चेंबरचा वास बाल्कनीत येतो. खाली हा पाईप गल्ली ट्रॅपमध्ये (जमिनीलगतच्या जाळीच्या ट्रॅपमध्ये) आणि तिथून ड्रेनेजच्या चेंबरला न्यायचा. उलटी चूक मात्र होऊ देऊ नका. 'एकच पाईप करून टाकू' म्हणत गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडलं, की जुलैतल्या पहिल्या मोठ्या सरीला चेंबर उलटा भरतो आणि घाण पाणी आधी तळमजल्याच्या संडासातून वर येतं. तुमच्याकडे तळमजल्यावर दुकानं आहेत.

आता दुसऱ्या मजल्याचं छत. इथे घाई करून डक्टमधला पाईप बदलला आणि ठिबक तशीच राहिली, तर पुढच्या सभेत तुमचं कुणी ऐकणार नाही. पाईप गंजलेले आहेत हे खरं. पण ते गळतात म्हणून हे छत ओलं आहे, हे अजून कुणी तपासलेलं नाही.

ठिबक कधी येते ते आधी पाहा. दिवसरात्र सारख्या वेगाने येत असेल तर संशय दाबाखालच्या पाण्याच्या लाईनवर. सकाळी आंघोळीच्या वेळेनंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचा ट्रॅप) किंवा वापरलेल्या पाण्याचा पाईप. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत, डक्टचा गिलावा, खिडकीखालची फट. चार दिवस वेळा लिहून काढायला सांगा, प्लंबर यायच्या आधी निम्मं निदान झालेलं असतं.

नंतरच्या चाचण्या एका वेळी एकच करायच्या, प्रत्येकीमध्ये किमान एक दिवस सोडून. पहिली: वरच्या फ्लॅटला गच्चीवरून येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. ठिबक मंदावली तर भिंतीतली लाईन फुटलीय. दुसरी: वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप कापडाने किंवा प्लगने घट्ट बंद करून फरशीवर 25 मिमी पाणी चोवीस तास उभं ठेवा. खाली ठिबक वाढली तर फरशीच्या सांध्यातून किंवा भिंतीच्या कडेने पाणी झिरपतंय. तिसरी: प्लग काढून नहाणीत दोन बादल्या रंगीत पाणी सोडा. चौथी: कमोडमध्ये वेगळा रंग टाकून चार-पाच वेळा फ्लश करा. खायचा रंग पुरतो.

एक खोच आहे. त्या काळच्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली सोडलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. हा भराव पाणी धरून ठेवतो. त्यामुळे गळती बंद केल्यावरही ठिबक आठवडाभर चालू राहू शकते, आणि रंग भरावातच अडकून खाली स्वच्छ पाणी येऊ शकतं. म्हणून रंग दिसला तर गुन्हा सिद्ध, पण रंग दिसला नाही म्हणजे सुटका नाही. असं झालं तर वरच्या बाथरूमचा वापर पाच-सहा दिवस पूर्ण थांबवून ठिबक कमी होते का पाहणं हीच खरी चाचणी. दोन बाथरूमच्या फ्लॅटमध्ये ते जमतं.

वरच्यांनी कधी भारतीय संडास काढून कमोड बसवलाय का, हेही विचारा. ही गळतीची नेहमीची जागा आहे. जुन्या भांड्याचं तोंड आणि नव्या कमोडचं तोंड एका रेषेत येत नाही. मग मध्ये रबराचा पॅन कनेक्टर न घालता व्हाइट सिमेंटने सांधा भरला जातो. दोन वर्षांत सिमेंटला चीर पडते, आणि प्रत्येक फ्लशचं थोडं पाणी भरावात मुरायला लागतं.

निदान झालं की जबाबदारीची रेघ आपोआप आखली जाते. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्ट, 1970 मध्ये सामाईक भागांच्या व्याख्येत सामाईक वापराच्या टाक्या, पंप, पाईप आणि डक्ट येतात. म्हणजे डक्टमधला उभा पाईप, त्यावरचा टी (आडवा पाईप जिथे जोडतात तो तुकडा) आणि त्याचा सांधा सगळ्यांचा. त्या टीपासून आत एका फ्लॅटपुरता येणारा आडवा पाईप, नहाणी ट्रॅप, कमोडचा सांधा, फरशीचं वॉटरप्रूफिंग हे त्या फ्लॅटच्या मालकाचं. उभा पाईप दोषी ठरला तर खालच्यांच्या छताचं प्लॅस्टरही सामाईक खर्चातून. आतला सांधा दोषी ठरला तर छतासकट सगळं वरच्यांच्या खिशातून. निकाल काय लागणार हे कळायच्या आधी ही रेघ सभेत मंजूर करून घ्या. नंतर प्रत्येकाला ती आपल्या सोयीने आखावीशी वाटते.

आता ते एका ओळीचं कोटेशन. पैशांची वाटणी कशी करायची यापेक्षा तुमचा जास्त तोटा या कागदात आहे. 'सर्व पाईप' म्हणजे कुठले, किती जाडीचे, चेंबर धरून की सोडून, फोडलेलं पूर्ववत कोण करणार, जीएसटी आत की वर? 18 टक्के वर लागला तर 6,00,000 चे 7,08,000 होतात. हे कोटेशन परत करा आणि परिमाणांसह दरपत्रक मागा. शक्य असेल तर एखाद्या प्लंबिंग सल्लागाराकडून किंवा सिव्हिल इंजिनिअरकडून कामाची यादी आधी तयार करून घ्या आणि तीच तीन ठेकेदारांना द्या. तिघांनी तीन वेगळ्या कामांचे दर दिले तर तुलना कशाची करणार?

परिमाणं तुम्ही स्वतः ताडून पाहू शकता. पाच मजल्यांची उंची सुमारे 15 मीटर आणि गच्चीवर आणखी 2, असे एका उभ्या पाईपाला 17 मीटर. पाईप 3 मीटरच्या लांबीत येतो, म्हणजे एका रांगेला 6 नग. प्रत्येक डक्टमध्ये मैल्याचा एक आणि आंघोळीच्या पाण्याचा एक पाईप असेल, तर 110 मिमीचे 24 आणि 75 मिमीचे 24 नग. प्रत्येक मजल्याला प्रत्येक पाईपावर एक डोअर टी (साफसफाईचं दार असलेला टी), म्हणजे दोन्ही मापांचे 16-16. जिथे दोन टॉयलेट एकाच डक्टवर आहेत तिथे डबल टी. साधारण 1.2 मीटरला एक क्लॅम्प धरला तर एका रांगेला 15, आठ रांगांना 120. यापेक्षा आकडे फार वेगळे आले तर कारण विचारा.

पाईपावर काय छापलंय ते वाचा. सांडपाण्याच्या पीव्हीसी पाईपाचं मानक आयएस 13592 आहे आणि त्यात दोन प्रकार आहेत. टाईप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाईपासाठी, टाईप बी मैल्याच्या आणि वापरलेल्या पाण्यासाठी. 110 मिमीत टाईप एची भिंत किमान 2.2 मिमी, टाईप बीची 3.2. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, किमतीत मात्र चांगला फरक असतो, आणि गडबड नेमकी इथेच होते. माल आवारात उतरला की छापील अक्षरांचे फोटो काढा आणि मगच पाईप चढवू द्या.

बसवण्यातले दोष नंतर दिसत नाहीत, म्हणून चार गोष्टी करारातच लिहा. पीव्हीसी उन्हाने लांबतो: 3 मीटरचा पाईप 20 अंशांच्या फरकाला सुमारे 4 मिमी. त्यामुळे उभ्या रांगेत रबर रिंगचे सांधे घ्यायचे आणि पाईप सॉकेटात पूर्ण ठोकून झाल्यावर 10 मिमी मागे ओढायचा. सगळे सांधे सोल्युशनने चिकटवले तर एप्रिल-मेमध्ये कुठला तरी टी तडकतो. रिंगला साबणाचं पाणी किंवा कंपनीचं ल्युब्रिकंट लावायचं, ग्रीस किंवा तेल नाही; त्याने रबर फुगतं. तळाशी उभा पाईप आडवा होतो तिथे एक काटकोनी बेंड न टाकता 45 अंशांचे दोन बेंड आणि साफसफाईचं दार. चार मजल्यांवरून पडणारा मैला काटकोनात आदळतो, तिथेच तुंबतो. आडव्या 4 इंची लाईनला 40 ला 1 उतार, म्हणजे मीटरमागे 25 मिमी. 6 इंचीला 60 ला 1. उतार कमी असेल तर मैला बसतो. फार जास्त असेल तर पाणी पुढे निघून जातं आणि घन भाग मागे राहतो, हेही होतं.

गच्चीवरच्या काऊलकडे, म्हणजे पाईपाच्या वरच्या तोंडावरच्या जाळीदार टोपीकडे, कुणी बघत नाही. मैल्याचा पाईप वर उघडा असणं गरजेचं आहे. तो बंद झाला किंवा कापून बसका केला, की वरच्या फ्लॅटचा फ्लश खालच्या नहाणीतलं पाणी ओढून घेतो. गुडगुड आवाज येतो आणि मग वास. गच्चीवर लोकांचा वावर असेल तर तोंड माणसाच्या डोक्यावर, 2 मीटरपर्यंत न्या. जुना हवेचा पाईप सिमेंटच्या पत्र्यासारखा करडा असेल तर तो अॅस्बेस्टॉसचा असण्याची शक्यता आहे. तो कटरने कापू देऊ नका. ओला करून सांध्यात सोडवून अखंड उतरवायला सांगा.

कामाचा क्रम: आधी चेंबर, मग पाईप. चेंबर फुटलेले असतील, तळाची अर्धगोल नाली झिजलेली असेल, मुळं शिरली असतील, तर नव्या पाईपाचं पाणी जुन्याच ठिकाणी तुंबेल. चेंबरच्या आतलं काम यंत्राने, जेटिंगने (जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने) करून घ्या. सुरक्षेची साधनं न देता माणसाला आत उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने धोकादायक सफाई ठरतं आणि जबाबदारी काम सांगणाऱ्यावरही येते. ठेकेदार 'आमचा माणूस सवयीचा आहे' म्हणाला तरी नाही म्हणा. आवारातल्या शेवटच्या चेंबरपासून रस्त्यातल्या लाईनपर्यंत काही करायचं असेल, तर महापालिकेच्या ड्रेनेज विभागाची परवानगी आणि परवानाधारक प्लंबर लागतो, रस्ता खोदाईचे पैसे वेगळे भरावे लागतात. डक्टमध्ये त्याच जागी पाईप बदलणं हे देखभालीचं काम आहे, त्यासाठी नकाशे मंजूर करावे लागत नाहीत.

जुने पाईप वरून खाली उतरवायचे, नवे खालून वर चढवायचे. 'सध्या दुसरा-तिसरा मजला करू, बाकी पुढच्या वर्षी' हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. ऐकू नका. वरच्या दोन मजल्यांच्या बीडाचं वजन मधल्या पीव्हीसीवर येतं आणि बीड-पीव्हीसीचा सांधा पहिला सुटतो. पैसे कमी असतील तर एक डक्ट खालपासून वरपर्यंत पूर्ण करा आणि दुसरा पुढे ढकला. गळक्या छताकडचा डक्ट पहिला.

परांची बांधून आणि कमरेला पट्टा लावूनच काम. डक्टमध्ये लटकवलेले एसीचे बाहेरचे युनिट, केबल आणि डिश आधी मालकांनी स्वखर्चाने काढायची, कारण त्यांच्यासाठी ठेकेदार दिवस मोजतो. प्रत्येक डक्टच्या फ्लॅटना संडास कुठल्या दिवशी बंद राहणार हे आठवडाभर आधी लिहून लावा. ज्येष्ठ मंडळी असलेल्या घरांची सोय समोरच्या फ्लॅटमध्ये आधी ठरवा. पाऊस तोंडावर असेल तर काम काढू नका, दिवाळीनंतर ते मे हा काळ बरा.

वाटणीचं उत्तर तुमच्या कपाटात आहे. अपार्टमेंट कायद्याच्या कलम 10 प्रमाणे सामाईक खर्च सामाईक भागांतल्या प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा असतो. ही टक्केवारी डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये (इमारत या कायद्याखाली आणणाऱ्या नोंदणीकृत दस्तात) असते आणि प्रत्येकाच्या डीड ऑफ अपार्टमेंटमध्येही. प्रत सापडत नसेल तर ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली तिथून मिळते. ती टक्केवारी सगळ्या मालकांच्या संमतीने डिक्लरेशन दुरुस्त केल्याशिवाय बदलत नाही. त्यामुळे 'बहुमताने समान वर्गणी' हा ठराव दिसायला सोपा, पण एका सभासदाने आव्हान दिलं की अडचणीत येणारा. वन बीएचकेवाल्यांचं म्हणणं या बाबतीत बरोबर आहे.

उदाहरणासाठी धरा की बारा टू बीएचकेंचा हिस्सा प्रत्येकी 5.6 टक्के, चार वन बीएचकेंचा 4.2 आणि चार दुकानांचा 4. बेरीज 100. मग 6,00,000 मध्ये टू बीएचकेला 33,600, वन बीएचकेला 25,200 आणि दुकानाला 24,000 रुपये येतात. समान वाटले असते तर सगळ्यांना 30,000. तुमचे खरे आकडे डिक्लरेशनमधून घाला.

दुकानदारांचं म्हणणं मात्र सहसा टिकत नाही. सामाईक गोष्ट मी वापरत नाही म्हणून वर्गणी देणार नाही, असं या कायद्यात चालत नाही. वरचा फ्लॅटवालाही दुकानासमोरचा पेव्हर ब्लॉक वापरत नाही. अपवाद एकच: डिक्लरेशनमध्ये डक्ट किंवा ते पाईप 'मर्यादित सामाईक' म्हणून ठराविक फ्लॅटसाठी राखून ठेवले असतील, तर खर्च त्यांचाच. म्हणून सभेआधी तो परिच्छेद शोधा, मोठ्याने वाचून दाखवा, आणि प्रत पाठवा. ड्राय बाल्कनीच्या पाईपाचं गणित वेगळं ठेवा. नवा उभा पाईप सामाईक, पण ज्यांनी पावसाच्या पाईपात भोक पाडलं त्यांच्या आतल्या जोडणीचा आणि ती भोकं बुजवण्याचा खर्च त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही. आमच्या मते घ्यावाच.

(सहकारी सोसायटीत राहणाऱ्या वाचकांसाठी: तुम्हाला हे टक्केवारीचं गणित लागू नाही. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी सर्वसाधारण सभा ठरवेल त्या दराने, पण फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के, आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. बाहेरचे पाईप आणि ड्रेनेज लाईन सोसायटीच्या खर्चात येतात.)

चौथ्या मजल्यावरच्या सभासदांशी आधी कायद्याने बोलू नका. त्यांची भीती नव्या टाइल्सची आहे, आणि ती रास्त आहे. डक्टच्या बाजूने परांचीवरून काम केलं तर आतल्या टाइल्स बहुतेक वेळा फोडाव्या लागत नाहीत, भिंतीतून बाहेर आलेला तुकडाच सोडवून नवा जोडायचा असतो. अडचण तेव्हा येते, जेव्हा बाथरूम मोठं करताना डक्टमध्येच भिंत सरकवलेली असते किंवा पाईप पेटीत बंद केलेला असतो. तिथे जाऊन बघा. काही फुटलंच तर साध्या टाइल्सच्या दराने किती भरपाई मिळेल ते ठरावात लिहा, त्यांनी बसवलेल्या महागड्या टाइल्सचा फरक त्यांचा. पेटी किंवा सरकवलेली भिंत काढायचा खर्चही त्यांचाच. तरीही दार उघडलं नाही, तर कलम 6 मध्ये सामाईक भागांच्या दुरुस्तीसाठी योग्य वेळी फ्लॅटमध्ये जाण्याचा असोसिएशनचा हक्क आहे. तारीख-वेळ लिहून नोटीस द्या आणि पोच घ्या. वर्गणी थकवणाऱ्याला हेही लेखी कळवा, की थकबाकीचा बोजा फ्लॅटवर चढतो. सरकारी-महापालिकेचे कर आणि पहिलं गहाण यांच्या खालोखाल त्याचा नंबर लागतो, आणि विक्रीच्या वेळी तो समोर येतो.

पैसे एकदम देऊ नका. माल आवारात आल्यावर आणि तपासल्यावर पहिला हप्ता, नंतर डक्टनिहाय, आणि शेवटचे 10 टक्के एक पावसाळा निघेपर्यंत हातात ठेवा. प्रत्येक डक्टचं पैसे द्यायच्या आधी पाणी भरून परीक्षण: खालचं दार प्लगने बंद करायचं, एका मजल्यापर्यंत पाणी भरायचं, सांध्यांवर कोरडा हात फिरवायचा, मग वरचा मजला. पूर्ण उंची एकदम भरू नका. 15 मीटर पाण्याचा दाब या पाईपांसाठी नाही. आणि निघालेल्या बीडाला भंगारात चांगले पैसे येतात. ते कुणाचे हे करारात लिहिलं नसेल तर टेम्पो रात्रीतून निघून जातो. वजनकाट्याची पावती घेऊन तेवढी रक्कम बिलातून वजा करा.

दुसऱ्या मजल्याचं छत सगळ्यात शेवटी. गळती थांबल्यावर स्लॅब वाळायला काही आठवडे द्या, ओल्या स्लॅबवर केलेलं प्लॅस्टर पुन्हा पडतं. सळई उघडी पडली असेल तर तारेच्या ब्रशने गंज काढून गंजरोधक थर द्यायचा, मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचं. पीओपीची खोटी सीलिंग लावून झाकायचा सल्ला कुणी दिला तर निदान एक पावसाळा थांबायला सांगा. पुढची ठिबक दिसायला ते छत उघडं हवं.